वेणीचा स्वेटर आणि अंगाचे माप

मराठवाड्यात थंडीचा मुक्काम फार दिवस नसतो; परंतु जितके दिवस असतो तितके दिवस ती आपला अंमल गाजविल्यावाचून राहत नाही. बीड जिल्ह्यातील माजलगाव हे सिंदफणा नदीच्या काठचे गाव. याच नदीवर जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात धरण बांधले गेले, आणि पैठणहून निघालेल्या उजव्या कालव्याचे पाणीही या जलाशयात आणून सोडलेले आहे. भोवती उसाचे मळे, पुढे गोदावरीचे खोरे आणि वर मोकळे आकाश, अशा या प्रदेशात मार्गशीर्ष-पौषात पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास, क्वचित त्याहूनही खाली उतरतो. आणि त्याच दिवशी दुपारी तो २८-३० अंशांवर चढलेला असतो. सकाळी जे वस्त्र हवेहवेसे वाटते तेच दुपारी नकोसे होते. यास्तव येथील थंडीला योग्य असे वस्त्र म्हणजे जे अंगात घालण्यास सोपे, काढण्यास त्याहून सोपे, आणि घातल्यावर दोन्ही हात कामाला मोकळे ठेवणारे.

या प्रदेशाचे जुने उबदार वस्त्र म्हणजे घोंगडी. धनगरांनी पाळलेल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ व खरखरीत असते. तिचा धागा मागावर विणला म्हणजे वारा अडवणारी, पावसाची सर झेलणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी घोंगडी तयार होते. रात्री पिकाला पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला तिच्यासारखी सोबत नाही. परंतु घोंगडी पांघरावयाची असते; ती अंगावर राहावी म्हणून एक हात तिच्यातच गुंतून पडतो. चुलीपुढे बसून भाकरी थापणाऱ्या किंवा अंगणात सडा घालणाऱ्या बाईला ती उपयोगी पडत नाही. तिला बाह्यांचे, पुढून उघडणारे व बटणे असलेले वस्त्र पाहिजे. अशा लोकरी वस्त्राला कार्डिगन हे नाव आहे. घरोघरी मात्र त्यालाही स्वेटरच म्हणतात.

तयार स्वेटर आज कोठेही मिळतो. लुधियानाच्या कारखान्यांतून तो गाडीभर येतो, आणि हिशेब केला तर पुष्कळदा नुसत्या लोकरीच्या किमतीहूनही स्वस्त पडतो. मग कोणी महिना-दीड महिना सुया हलवीत का बसावे, असा प्रश्न साहजिकच निघेल. त्याचे उत्तर स्वेटरात नसून तो घालणाऱ्याच्या अंगात आहे. कारखाना माप घेतो ते सरासरी माणसाचे. तरुण, सरळ पाठीच्या आणि सहज हात वर करू शकणाऱ्या माणसाला ते माप बहुधा बसते. परंतु सत्तरीच्या पुढील ज्या आजीबाईंची पाठ वाकली आहे, एक खांदा दुखतो आणि बोटांच्या सांध्यांत वात आहे, त्यांचे माप कोणत्याही कारखान्याच्या कोष्टकात नसते. तयार स्वेटर त्यांना पाठीवर आखूड, पोटावर लोंबणारा आणि काखेत काचणारा होतो. दोन दिवस घालून तो पेटीत जातो, आणि आजीबाई पुन्हा जुन्या शालीचे टोक दातांत धरून काम करू लागतात. थंडी सर्वांत अधिक ज्यांना बाधते त्यांनाच नेमके मापाचे वस्त्र मिळत नाही. हाताने विणलेल्या स्वेटराचे खरे प्रयोजन येथे आहे.

हाताने विणावयाचे ठरले की मन धावते ते सुंदर विणीकडे. आणि सर्व विणींत डोळ्यांत भरणारी वीण म्हणजे वेणीची. केसांच्या पेडांप्रमाणे टाक्यांचे पेड एकमेकांवरून जातात म्हणून तिला हे नाव पडले. ही वीण अवघड समजली जाते. वस्तुतः तिचा हात अवघड नाही. अवघड आहे तो तिचा हिशेब. हिशेब न करता विणलेला वेणीचा स्वेटर हटकून तोकडा होतो, आणि दोष मात्र हाताला दिला जातो. तो तसा का होतो व कसा टाळावा, हे शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाच्या बळावर कोणालाही समजण्यासारखे आहे.

प्रथम या वस्त्राच्या पूर्वपीठिकेविषयी थोडेसे. कार्डिगन हे नाव इंग्लंडातील कार्डिगनचे सातवे अर्ल जेम्स ब्रूडनेल यांच्यावरून पडले. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे जो प्रसिद्ध घोडदळाचा हल्ला झाला, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. वेणीच्या विणीचा लौकिक मात्र आयर्लंडच्या पश्चिमेकडील आरन बेटांच्या नावाशी जोडला गेला आहे. तेथील प्रत्येक कोळी कुळाची वीण निराळी असे व समुद्रात बुडालेल्या माणसाची ओळख त्या विणीवरून पटे, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती ऐकावयास हृदयस्पर्शी असली तरी इतिहासाला धरून नाही. रिचर्ड रट यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हातविणीच्या इतिहासग्रंथात अशा कथांची छाननी केली आहे. या कथेचे मूळ बहुधा जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘रायडर्स टु द सी’ या नाटकात असावे. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते खरी. परंतु ती कुळाच्या विणीवरून नव्हे, तर पायमोजा विणताना तिने किती टाके घातले व किती सुटले, याच्या आकड्यावरून. म्हणजे त्या कथेतही खरी खूण नक्षीची नसून मोजणीची आहे.

आपल्याकडे दोन सुयांवर लोकर विणण्याची कला एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोकांबरोबर आली, आणि मिशनऱ्यांच्या व पुढे इतर मुलींच्या शाळांतून ती घरोघरी पसरली. मराठीने तिच्यासाठी नवे क्रियापद शोधले नाही. खाट विणतात, घोंगडी विणतात, तसाच स्वेटरही विणतात. शब्द जुनाच राहिला. मात्र काम नवे होते. मागावरचे कापड आधी तयार होते व मग मापाने कापले जाते. स्वेटरात कापणे नाही. वस्त्राचा आकार टाक्या-टाक्याने सुईवरच घडवावा लागतो. म्हणून शिंप्याला जे माप कात्री उचलण्यापूर्वी लागते, ते विणणारीला पहिला टाका घालण्यापूर्वीच लागते.

आता वेणी म्हणजे काय ते पाहू. सहा टाक्यांची साधी वेणी घेतली तर तिच्यात तीन-तीन टाक्यांचे दोन पेड असतात. वेणी उठून दिसावी म्हणून तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन उलट टाके ठेवतात. काही ओळी सरळ विणून झाल्या की पहिले तीन टाके एका आखूड, दोन्हीकडे टोक असलेल्या तिसऱ्या सुईवर काढून घ्यावयाचे, पुढचे तीन टाके आधी विणावयाचे आणि मग बाजूला ठेवलेले तीन विणावयाचे. तिसरी सुई विणकामाच्या पुढे धरली तर पेड डावीकडे वळतो. मागे धरली तर उजवीकडे वळतो. एवढेच त्यातले गुपित. अशी अदलाबदल दर आठव्या ओळीला केली की वेणीचा पीळ नियमित पडत जातो.

परंतु पेड एकमेकांवर चढले म्हणजे काय होते? जे टाके शेजारी-शेजारी उभे होते ते आता अंशतः एकमेकांच्या पुढे-मागे उभे राहतात. साहजिकच त्यांची जाडी वाढते आणि रुंदी घटते. दोन माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर जी जागा व्यापतात, ती एकामागे एक उभी राहिली तर व्यापत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. याच कारणाने वेणीचा स्वेटर साध्याहून उबदार असतो, साध्याहून जड असतो, त्याला लोकर अधिक लागते, आणि त्याच कारणाने तो तोकडाही होतो. गुण आणि दोष यांचे मूळ एकच आहे.

हवामान ध्यानी घेता माजलगावसारख्या ठिकाणी सर्वांगभर वेण्या असू नयेत. आयर्लंडच्या समुद्रावर जे ओझे सुखाचे, ते येथे दहा वाजताच असह्य होईल. पुढच्या दोन भागांवर एक-एक व पाठीवर दोन, असे वेण्यांचे चार पट्टे आणि बाह्या साध्या, ही योजना शोभेला व सोयीला पुरेशी आहे.

लोकर निवडतानाही विवेक पाहिजे. बाजारात लोकर या नावाने जे गुंडे मिळतात त्यांतील पुष्कळसे अॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. तो स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो व त्याला कसर लागत नाही. परंतु खरी लोकर ओली करून, ताणून, सपाट वाळवली की थोडी वाढते व ते माप धरून ठेवते, हा गुण त्यात नाही. म्हणजे खऱ्या लोकरीत लहानशी चूक पाणी दुरुस्त करते. कृत्रिम धाग्यात हिशेबच अचूक असावा लागतो. मध्यम जाडीच्या लोकरीचा प्रौढ माणसाचा स्वेटर सुमारे अर्ध्या किलोत होतो. वेण्यांसाठी एक-दोन गुंडे अधिक घ्यावे, आणि सर्व गुंडे रंगाच्या एकाच घाण्याचे आहेत हे वेष्टनावरील क्रमांकावरून पाहून घ्यावे. मागाहून आणलेला गुंडा दिव्याच्या उजेडात जुळलेला दिसतो व उन्हात निराळा दिसतो.

यानंतर माप. ते ज्या कपड्यांवर स्वेटर घालावयाचा त्या कपड्यांवरूनच घ्यावे. परदेशी नमुन्यांच्या पुस्तकांत साडी नसते. नऊवारी लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावरून जातो. त्याच्या घड्यांची जाडी छातीच्या व खांद्याच्या मापात धरली नाही तर डावी बाजू ओढली जाते व बटणांची पट्टी तिरकी होते. असे समजू की, एका आजीबाईंच्या छातीचा घेर लुगड्यावरून ३६ इंच भरला. अंगावर सैलपणा राहावा म्हणून त्यात ४ इंच मिळवावे. तयार स्वेटराचा घेर ४० इंच झाला. त्यातील २० इंच पाठीचे व २० इंच पुढच्या दोन भागांचे.

आता सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत अधिक टाळला जाणारा भाग, म्हणजे चाचणीचा तुकडा. ज्या लोकरीने व ज्या सुयांनी स्वेटर विणावयाचा त्यांनीच एक तुकडा साधा, सुलट विणीचा विणावा, आणि दुसरा वेणीच्या पट्ट्याचा. दुसऱ्या तुकड्यात वेणीचे निदान तीन पीळ पडलेले असावेत. दोन्ही तुकडे धुवावे, वाळवावे आणि मगच मोजावे. सुईवर असताना घेतलेले माप खोटे असते. मोजणी कडेच्या टाक्यांपासून दूर, मध्यभागी करावी. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुयांवर मध्यम लोकरीचे साधारणतः ४ इंचांत २२ टाके व २८ ओळी बसतात. याचा अर्थ इंचाला साडेपाच टाके व ७ ओळी. प्रत्येक हाताची ओढ निराळी असल्यामुळे हे आकडे दुसऱ्याचे घेऊन चालत नाही.

वेणीचा पट्टा २० टाक्यांचा धरू: २ उलट, ६ वेणीचे, ४ उलट, ६ वेणीचे, २ उलट. साध्या विणीत २० टाक्यांची रुंदी साडेतीन इंचांहून थोडी अधिक झाली असती. वेणीच्या तुकड्यावर फूटपट्टी ठेवली तर ती भरली पावणेतीन इंच, असे समजू. पावणेतीन इंचांत साधे टाके बसतात सुमारे १५. म्हणजे २० टाक्यांनी १५ टाक्यांचेच काम केले. प्रत्येक पट्ट्याने ५ टाके गिळले. पट्टे चार आहेत, तेव्हा २० टाके, म्हणजे साडेतीन इंचांहून अधिक घेर नाहीसा झाला. सैलपणासाठी ठेवलेले ४ इंच कोठे गेले याचा उलगडा येथे होतो. विणणारीने काही चुकविलेले नसते. वेणीने आपला कर वसूल केलेला असतो, व तो आधी भरून ठेवला पाहिजे.

हा कर भरण्याचे साधन म्हणजे त्रैराशिक. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींवरून चौथी काढण्याची रीत सांगितली आहे. येथे ४ इंच हे प्रमाण, २२ टाके हे फल आणि पाठीचे २० इंच ही इच्छा. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले म्हणजे ११० टाके येतात. पाठीवर दोन पट्टे आहेत, म्हणून त्यांचे १० टाके मिळवावे. शिवणीत जाणारे दोन्ही कडांचे २ मिळवावे. पाठीचे टाके झाले १२२. त्यांची मांडणी अशी: कडेचा १, साधे १९, पट्टा २०, मध्ये साधे ४२, पट्टा २०, साधे १९ आणि कडेचा १.

पुढच्या भागांसाठी २० इंचांतून बटणपट्टीचा १ इंच वजा करावा. बटणे लावल्यावर दोन्ही पट्ट्या एकमेकींवर येतात, म्हणून हा इंच एकदाच धरावयाचा. राहिलेल्या १९ इंचांचे निम्मे साडेनऊ इंच. त्यांचे टाके ५२. एका पट्ट्याचे ५ व दोन्ही कडांचे २ मिळवून ५९ झाले. पट्ट्याच्या बटणाकडील अंगाला १८ साधे टाके ठेवावे व काखेकडील अंगाला १९. दोन्ही भाग आरशातील प्रतिबिंबासारखे असावेत. एका भागावर पीळ देताना तिसरी सुई पुढे धरली असेल तर दुसऱ्यावर मागे धरावी.

खालच्या काठाविषयी एक सूचना फार उपयोगाची आहे. काठ दोन नंबर बारीक, म्हणजे १० नंबरच्या सुयांवर, सुलट-उलट असा विणतात. तेथे वेणी नाही, म्हणून वेणीचा करही नाही. पाठीच्या काठाला १२२ टाके घातले तर तो झालरीसारखा पसरेल. यास्तव काठ ११२ टाक्यांवर विणावा, आणि काठाच्या शेवटच्या ओळीत, जेथे वेण्यांचे पट्टे यावयाचे तेथेच, पाच-पाच टाके वाढवावे. याच्या उलट, खांद्यावर टाके बंद करताना पट्ट्यावरचे पाच टाके, दोन-दोन एकत्र विणून, कमी करावे. कर भरला तो वेणी असेपर्यंतच. वेणी संपली की तो परत घ्यावयाचा.

लांबीचा हिशेब ओळींवर चालतो. काखेपर्यंतची लांबी १४ इंच व त्यात काठ अडीच इंच धरला तर वर साडेअकरा इंच राहतात. इंचाला ७ ओळींप्रमाणे ८० ओळी झाल्या. आठ ओळींचा एक पीळ, म्हणजे बरोबर १० पीळ. ठेंगण्या बाईसाठी स्वेटर इंचभर आखूड करावयाचा असेल तर ७ ओळी कमी करू नयेत, ८ कराव्यात. एक संपूर्ण पीळ कमी होतो आणि नक्षी अर्धवट तुटत नाही. मुंढ्याची घट सदैव काखेकडील साध्या टाक्यांत करावी, व गळ्याची घट बटणाकडील साध्या टाक्यांत. वरील उदाहरणात मुंढ्यासाठी १२ व गळ्यासाठी १५ टाके घटविले की खांद्याला ३२ राहतात. पाठीचेही दोन्ही मुंढे १२-१२ ने घटविले म्हणजे ९८ टाके उरतात: ३२ एका खांद्याचे, ३४ मानेचे, ३२ दुसऱ्या खांद्याचे. पुढची व मागची वेणी खांद्यावर समोरासमोर येऊन मिळते. शोभा अशी हिशेबातून आपोआप निघते.

येथवर झाले ते सरळ पाठीच्या माणसाचे. वाकलेल्या पाठीचे काय? तिला रुंदी अधिक नको असते. मध्यभागी लांबी अधिक हवी असते. किती हवी हे समजण्याची रीत सोपी आहे. आजीबाईंना त्यांचा एखादा जुना स्वेटर घालण्यास सांगावे आणि पाठीमागचा काठ पुढच्या काठाहून किती वर चढतो ते मोजावे. तो सव्वा इंच चढला तर पाठीला मध्ये ८ ओळी कमी पडल्या असे समजावे. पाठ काखेपर्यंत येत आली की मुंढे घटविण्यापूर्वी या ओळी अर्धवट विणाव्यात. पहिल्या खेपेस शेवटचे ४ टाके न विणताच सुया फिरवून परतावे, दुसऱ्या कडेलाही तसेच करावे. मग दोन्हीकडे ८, नंतर १२, नंतर १६ टाके सोडून परतावे. फिरताना धागा पुढच्या टाक्याभोवती एकदा गुंडाळावा, म्हणजे तेथे भोक पडत नाही. कडेला २० टाके साधे असल्यामुळे ही सर्व वळणे पट्ट्याच्या बाहेरच होतात. दोन्ही वेण्यांना पूर्ण आठ ओळी मिळतात व त्यांच्यावर एक पीळ अधिक पडतो. कडा जुन्याच लांबीच्या राहतात, म्हणून शिवण बिघडत नाही; मध्ये मात्र पाठीच्या बाकाला सामावणारा खोलगटपणा तयार होतो. पाहणाराला यातले काही दिसत नाही. घालणाराला मात्र कंबर झाकलेली जाणवते.

खांदा दुखत असेल तर मुंढा इंचभर खोल ठेवावा व बाहीचा घेर सैल ठेवावा. दंडाचे माप १२ इंच असल्यास सैलपणाचे २ मिळवून १४ इंचांचे ७७, सोयीसाठी ७८ टाके धरावे. मनगटाजवळ ४४ टाक्यांनी सुरुवात केली तर ३४ टाके, म्हणजे दोन्ही कडांना १७ वेळा एक-एक, वाढवावे लागतात. काठाच्या वर बाही १४ इंच, म्हणजे ९८ ओळी. पहिली वाढ दुसऱ्या ओळीत व पुढे दर सहाव्या ओळीत केली की सतरावी वाढ बरोबर अठ्ठ्याण्णवाव्या ओळीत येते. बाहीचा काठ थोडा लांब ठेवावा. भाकरी थापताना तो दुमडून वर सरकविता येतो. बटणे मोठी व थोडी असावीत. वाताने आखडलेल्या बोटांना नऊ बारीक बटणांपेक्षा पाच मोठी बटणे कितीतरी सुखाची. काज करताना तीन टाके बंद करावे व पुढील ओळीत त्याच जागी तीन नवे घालावे. परंतु बटण आधी विकत आणून मग काजाचे टाके ठरवावे.

पुस्तकातील नमुना जवळपासच्या मापाचा असेल तर दुसरीही एक युक्ती आहे. टाके तेवढेच ठेवून सुई एक नंबर जाड घेतली आणि ४ इंचांत २२ ऐवजी २१ टाके बसू लागले, तर ज्या ११० टाक्यांनी २० इंच भरत होते त्यांनी सुमारे २१ इंच भरतात. पुढे-मागे मिळून घेर दोन इंचांनी वाढतो. मात्र याने लांबीही बदलते, हे विसरू नये. ओळी पुन्हा मोजाव्या.

विणता विणता एखादा पीळ उलट्या बाजूला पडला असे वीस ओळींनंतर लक्षात आले, तर संपूर्ण विणकाम उसविण्याची गरज नसते. त्या वेणीचे सहा टाकेच तेवढे सुईवरून सोडून चुकीच्या ओळीपर्यंत खाली उतरवावे, पीळ नीट द्यावा, आणि शिडीसारखे मोकळे झालेले धागे एकेक करून पुन्हा वर विणीत आणावे. प्रत्येक पिळाच्या ओळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधत गेले तर अशी वेळ बहुधा येत नाही.

तयार स्वेटर थंड पाण्यात, न चोळता धुवावा. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा. दोरीवर टांगू नये. वेण्यांत पाणी अधिक साठते व त्याच्या भाराने स्वेटर गुडघ्यापर्यंत उतरतो. सावलीत खाटेवर पसरून वाळवावा.

एवढा खटाटोप एका स्वेटरासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु यात विशेष विद्वत्तेचे असे काय आहे? गुणाकार, भागाकार, एक फूटपट्टी आणि धुऊन वाळविलेले दोन तुकडे. ज्या मुलीने सातवीपर्यंतचे गणित केले आहे तिला हे सर्व येते. फक्त त्या गणिताचा घरातल्या माणसाशी काही संबंध आहे हे तिला कोणी दाखविलेले नसते. पुस्तकातील नमुना हा दुसऱ्या कोणाच्या अंगाचा असतो. तो जसाच्या तसा उतरविणे म्हणजे परक्याचे माप आपल्या माणसावर लादणे होय. वेणी किती टाके घेते हे मोजून ते आधी देणे, आणि पाठ जेथे वाकली आहे तेथे आठ ओळी अधिक घालणे, यात त्या वाकलेल्या पाठीचा मान राखला जातो. पौषातल्या पहाटे चुलीपुढे बसलेल्या वृद्धेचे दोन्ही हात मोकळे असावेत आणि कंबर झाकलेली असावी, यापलीकडे या गणिताला दुसरा ताळा नको.